सत्तर टक्के आणि उरलेले तीस

२०२४ च्या मार्चअखेर न्यूयॉर्कच्या वायदेबाजारात कोकोचा भाव टनाला दहा हजार डॉलरच्या वर गेला आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात त्याने बारा हजारांचाही टप्पा ओलांडला. तत्पूर्वी कित्येक वर्षे हा भाव दोन ते तीन हजारांच्या आसपास घुटमळत होता. पश्चिम आफ्रिकेतील लहरी पाऊस, कोकोच्या झाडांवर पसरलेला विषाणुरोग आणि वर्षानुवर्षे नव्याने न लावलेल्या म्हाताऱ्या बागा, या तिन्ही कारणांचा तो एकत्रित परिणाम होता. २०२५ साल संपता संपता भाव शिखरावरून उतरून जवळपास निम्म्यावर आले. या उलथापालथीची झळ आपल्याकडील ग्राहकाला लागली ती कोठे किंमत वाढल्याने, तर कोठे वजन गुपचूप घटल्याने. तेवढ्यापुरती कुरकुर झाली आणि विषय संपला.

वास्तविक तो संपावयास नको होता. कारण याच सुमारास मुंबई-पुण्याच्या, किंबहुना नाशिक-कोल्हापूरच्याही दुकानांतून एका निराळ्या प्रकारच्या चॉकलेटने बस्तान बसविले आहे. ही वडी काळीभोर, चवीला कडवट, दुधाचा मागमूस नसलेली. तिच्या वेष्टनावर 'सत्तर टक्के कोको' असे ठळक अक्षरांत लिहिलेले असते आणि त्याखाली बारीक अक्षरांत एक नैतिक आश्वासन असते: कोको भारतातलाच आहे, शेतकऱ्याला योग्य मोबदला दिलेला आहे, बालमजुरी नाही. अशा साठ-सत्तर ग्रॅमच्या वडीला अडीचशे ते चारशे रुपये मोजावे लागतात. मोठ्या कंपन्यांचे डार्क चॉकलेट याच वजनाला निम्म्याहून कमी किमतीत मिळते. महिन्याच्या पगारात घर चालविणारा शिक्षक अथवा कारकून ही वडी रोज विकत घेणार नाही हे उघड आहे. परंतु दिवाळीच्या भेटीत, मुलाच्या वाढदिवसाला, परगावाहून येणाऱ्या पाहुण्याच्या पिशवीतून ती त्याच्याही घरात येऊ लागली आहे. तेव्हा या जादा दीड-दोनशे रुपयांच्या मोबदल्यात नेमके काय विकत मिळते, हा प्रश्न विचारण्याचा अधिकार त्याला आहे.

एका फार्दिंगची नुकसानभरपाई

चॉकलेट आणि नीती यांचा वाद आजचा नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी इंग्लंडमधील कॅडबरी ही क्वेकर पंथीय कुटुंबाची पेढी कामगारांना उत्तम घरे आणि बागा देणारी म्हणून नावाजलेली होती. आणि तिच्या कोकोचा मोठा हिस्सा येत होता पोर्तुगीजांच्या ताब्यातील साओ टोमे बेटावरून, जेथे अंगोलातून आणलेले मजूर गुलामांसारखे राबत असत. या गोष्टीची कुणकुण पेढीला १९०१ सालीच लागली होती. चौकशा झाल्या, शिष्टाई झाली, परंतु खरेदी थांबली ती १९०९ मध्ये. 'स्टँडर्ड' या वृत्तपत्राने या दिरंगाईवर कोरडे ओढले, तेव्हा पेढीने अब्रुनुकसानीचा दावा लावला. ज्यूरीने निकाल पेढीच्या बाजूने दिला खरा, पण नुकसानभरपाई ठरविली एक फार्दिंग, म्हणजे तत्कालीन पेनीचा चौथा हिस्सा. कायद्याने अब्रू वाचली, परंतु तिची किंमतही त्याच निकालाने सांगून टाकली.

त्यानंतर इंग्रज पेढ्या गोल्ड कोस्टकडे, म्हणजे आजच्या घानाकडे वळल्या. आज जगातील निम्म्याहून अधिक कोको घाना आणि आयव्हरी कोस्ट या दोन देशांतून येतो. २००१ साली अमेरिकेतील चॉकलेट उद्योगाने या देशांतील बालमजुरीचे सर्वांत वाईट प्रकार २००५ पर्यंत नाहीसे करण्याचा लेखी संकल्प सोडला. मुदत २००८ पर्यंत वाढली, मग २०१० पर्यंत आणि शेवटी २०२० पर्यंत, तीही सत्तर टक्के घट एवढ्याच उद्दिष्टापुरती. २०२० साली शिकागो विद्यापीठाच्या 'नॉर्क' या संस्थेने आपला पाहणी अहवाल प्रसिद्ध केला, त्यात या दोन देशांत सुमारे १५ लाख ६० हजार मुले कोकोच्या बागांत मजुरी करीत असल्याचा अंदाज होता. आणि २०२४ साली भाव आकाशाला भिडले, तेव्हाही तेथील शेतकऱ्याच्या पदरात त्यातले थोडेच पडले. कारण त्याचा भाव सरकारी मंडळ हंगामाच्या आरंभी ठरविते आणि माल आगाऊ विकून टाकलेला असतो.

ही पार्श्वभूमी ध्यानात घेतली म्हणजे 'भारतातला कोको' या शब्दांना वजन का येते, हे कळते. दक्षिण भारतात कोको बहुधा स्वतंत्र पीक म्हणून लावला जातच नाही. नारळीच्या अथवा सुपारीच्या बागेत, आंध्रात तेलताडाच्या सावलीत, तो आंतरपीक म्हणून वाढतो. बागाईतदाराची पोटाची भिस्त मुख्य पिकावर असते आणि कोको हे वरचे उत्पन्न. पश्चिम आफ्रिकेतील, केवळ कोकोवर जगणाऱ्या आणि कर्जात बुडालेल्या कुटुंबाची अवस्था येथे सहसा दिसत नाही, याचे कारण आपल्या उद्योजकांचे पुण्य नसून शेतीची ही रचना आहे.

चार वड्या, चार नीती

आता या वड्यांकडेच पाहावे. वरवर पाहता सर्वांचा दावा एकच वाटतो. पण बारकाईने पाहिले की प्रत्येकाची नीती निराळ्या ठिकाणी वसलेली आढळते.

ऑरोव्हिलच्या 'मेसन अँड कंपनी'ने २०१४ साली सुरुवात केली तेव्हा चॉकलेटयोग्य बिया मिळणे हीच अडचण होती. कोकोचे फळ फोडले की पांढऱ्या गरात लपेटलेल्या बिया निघतात. त्या लाकडी पेट्यांत पाच-सात दिवस आंबवाव्या लागतात, अधूनमधून उलथाव्या लागतात आणि मग उन्हात वाळवाव्या लागतात. चॉकलेटचा वास आणि रंग येथेच, या आंबवण्यात तयार होतो. पुढील भाजणे-दळणे हे त्यावरचे संस्कार. परंतु आपल्याकडील शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या नव्हे, तरी चाळीस-पन्नास वर्षे ओल्या बिया तोलून देऊन मोकळा होत आला. तीन किलो ओल्या बियांपासून साधारण एक किलो कोरड्या बिया होतात, आणि किमतीतला खरा फरक या तीनाच्या एक होण्यात असतो. ज्याच्या हाती आंबवण्याची पेटी, त्याच्या हाती नफा. तेव्हा शेतकऱ्याला आंबवणे शिकविणारा आणि त्याबद्दल बाजाराहून अधिक भाव देणारा उत्पादक हा परोपकार करीत नाही, तर शेतकऱ्याला एक पायरी वर चढवितो. नैतिक चॉकलेटच्या साऱ्या बोलबाल्यात टिकाऊ असे काही असेल, तर ते हेच.

अण्णामलैच्या पायथ्याशी पोल्लाचीजवळच्या 'सोकलेट'ची तऱ्हा वेगळी. तेथे कोको स्वतःच्याच मळ्यात पिकवून तेथेच चॉकलेट केले जाते. मध्ये दलाल नाही ही गोष्ट चांगलीच. पण मध्ये शेतकरीही नाही, हे लक्षात ठेवावे. येथे प्रश्न मालाच्या भावाचा उरत नाही, तर मळ्यावरील मजुराच्या रोजंदारीचा होतो, आणि त्याचे उत्तर 'झाडापासून वडीपर्यंत' या शब्दांत सापडत नाही. हैदराबादचे 'मनम' हे नाव २०२३ मध्ये बाजारात आले. त्याच्या मागील संस्था गोदावरीकाठच्या शेतकऱ्यांकडून बिया घेऊन आपल्या केंद्रात शास्त्रशुद्ध रीतीने आंबविते. त्यामुळे माल बिघडण्याची जोखीम शेतकऱ्यावर पडत नाही आणि दर्जाही एकसारखा राहतो. मात्र आंबवण्याची पेटी शेतकऱ्याच्या अंगणातून पुन्हा कारखान्याच्या आवारात जाते. यात अन्याय आहे असे नव्हे. जोखीम ज्याची, नफा त्याचा, हा व्यवहार झाला. पण त्याला व्यवहारच म्हणावे.

चेन्नईच्या 'कोकोट्रेट'ने सर्व भर कचऱ्यावर दिला आहे. तिचे वेष्टन टाकाऊ सुती चिंध्या आणि कोकोची टरफले यांच्या लगद्यापासून केलेले असते, प्लास्टिकचा स्पर्श नाही. मुंबईच्या 'पास्काती'ने सेंद्रिय शेतीचे आणि 'फेअर ट्रेड'चे प्रमाणपत्र मिळविले. प्रमाणपत्राला दोष देण्याचे कारण नाही, परंतु त्याचा अर्थ समजून घ्यावा. 'फेअर ट्रेड' संस्थेने कोकोसाठी २०१९ साली लागू केलेला किमान भाव टनाला २,४०० डॉलर होता. बाजारभाव दहा हजारांवर असताना या किमान भावाला काही अर्थ उरत नाही. तो उपयोगी पडतो ते भाव कोसळल्यावर. आणि 'सेंद्रिय' हा शब्द तर खतांविषयी व औषधांविषयी बोलतो, मजुरीविषयी नव्हे. सेंद्रिय म्हणजे आपोआप न्याय्य, अशी जी समजूत सुशिक्षित ग्राहकांत पसरली आहे, तिला आधार नाही.

चवीच्या बाबतीत या छोट्या उत्पादकांनी मोठ्यांना मागे टाकले आहे हे मान्य करावयास हवे. इडुक्कीच्या बियांतली आंबूस, काहीशी मनुकांसारखी छटा त्यांच्या वडीत जिवंत राहते. मोठ्या कारखान्यात ती व्हॅनिलाच्या वासाखाली दडपली जाते. आपल्या नियमांनी चॉकलेटमध्ये कोकोबटरखेरीज अन्य वनस्पतिजन्य स्निग्ध पदार्थ पाच टक्क्यांपर्यंत चालतो; या छोट्या वड्यांत तो बहुधा नसतोच. आणखी एक मौजेची गोष्ट अशी की, जगभरातील हौशी चॉकलेटकार कोको दळण्यासाठी जे दगडी यंत्र वापरतात, ते मुळात कोईमतूरकडचा इडली-डोशाचे पीठ वाटणारा रगडा आहे. अमेरिकेतल्या एका प्रयोगशील माणसाने तो कोकोसाठी वापरून पाहिला आणि मग आपल्याच रगड्याचा शोध आपल्याला परदेशातून कळला!

या यादीत 'अमूल'चे स्थान मोठे चमत्कारिक आहे. सहकाराचे नाव घेतले की प्रथम आठवते ती हीच संस्था, आणि तिचे डार्क चॉकलेट सामान्य माणसाच्या खिशाला परवडते. मात्र तिची सहकारी पुण्याई दुधाची आहे. गुजरातच्या गावोगावच्या दूध उत्पादकाला ग्राहकाच्या रुपयातील मोठा वाटा मिळतो हे तिचे खरे कर्तृत्व. परंतु नव्वद टक्के कोको असलेल्या वडीत दुधाचा प्रश्नच येत नाही. आणि तिच्या खास मालिकेतील वड्या इक्वेडोर, पेरू, मादागास्कर, आयव्हरी कोस्ट अशा देशांच्या कोकोवर बेतलेल्या आहेत. सहकाराच्या नावावर विश्वासून ती घेणारा ग्राहक ज्या शेतकऱ्याचे भले करू पाहतो, तो शेतकरी त्या वडीत बहुतांशी नसतोच.

वाईट दिवसांचा गिऱ्हाईक

ज्या वडीत तो आहे, तिची चर्चा मात्र कोणी करीत नाही. भारतात कोकोची व्यापारी लागवड १९६५ च्या सुमारास कॅडबरीच्या पुढाकाराने वायनाडमध्ये सुरू झाली, आणि रोपे व सल्ला पुरविण्याचे काम त्या कंपनीने मनापासून केले. सत्तरच्या दशकात केरळ व दक्षिण कर्नाटकातील सुपारी बागाईतदारांनी मोठ्या उमेदीने कोको लावला. पुढे १९७९-८० मध्ये जागतिक भाव कोसळले. खाजगी खरेदीदारांनी हात आखडता घेतला आणि फळांनी लगडलेल्या झाडांपुढे शेतकरी हताश होऊन उभा राहिला. झाडे तोडून टाकण्यापर्यंत मजल गेली. त्या वेळी मंगळूरची 'कॅम्पको' ही सहकारी संस्था पुढे झाली. १९७३ साली वारणाशी सुब्राय भट्ट यांच्या नेतृत्वाखाली ती स्थापन झाली होती तीच मुळी सुपारीच्या भावाची घसरण थोपविण्यासाठी. दोन्ही राज्य सरकारांच्या विनंतीवरून तिने कोकोची खरेदी हाती घेतली. घेतलेल्या मालाचे करायचे काय, हा प्रश्न उभा राहिला, तेव्हा तिने पुत्तूर येथे स्वतःचा चॉकलेट कारखाना उभारला. १ सप्टेंबर १९८६ रोजी राष्ट्रपती झैलसिंग यांच्या हस्ते त्याचे उद्‌घाटन झाले.

या संस्थेची वडी दिसावयास साधी, चवीला बेतास बात. वेष्टनावर ना शेतकऱ्याचे छायाचित्र, ना त्याच्या गावाचे नाव. पण ओल्या आणि कोरड्या बियांचा दर ती जाहीर करते आणि त्या दराला माल घेते. चांगल्या दिवसांत चांगला भाव कोणीही देतो. २०२४ साली कोरड्या बिया किलोला हजार रुपयांपर्यंत गेल्या, तेव्हा व्यापारी बागेच्या फाटकाशी रांगा लावून उभे होते. २०२५ मध्ये भाव उतरला आणि आंध्रातील कोको उत्पादकांना योग्य दरासाठी रस्त्यावर उतरावे लागले. छोट्या चॉकलेटकाराचे मन कितीही मोठे असले, तरी त्याची गरज काही टनांची असते. पडत्या काळात हजारो शेतकऱ्यांचा माल उचलणे ही त्याच्या आवाक्यातली गोष्ट नाही. म्हणून, आकर्षक वेष्टनातील वडीशी पुत्तूरच्या वडीची तुलना करताना चवीचे गुण एकीला द्यावेत, पण वाईट दिवसांचा गिऱ्हाईक कोण, या कसोटीचे गुण दुसरीला द्यावे लागतात. हे गुण देणारा स्तंभ कोणत्याही परीक्षकाच्या तक्त्यात नसतो, ही गोष्ट वेगळी.

तीस टक्क्यांचा हिशेब

येथवरची सारी चर्चा सत्तर टक्क्यांची झाली. आता उरलेल्या तीस टक्क्यांकडे वळावयास हवे. कारण डार्क चॉकलेटची सत्तर टक्के कोकोची वडी म्हणजे उरलेली तीस टक्के जवळजवळ सर्वस्वी साखर. कोकोच्या बागेचे, शेतकऱ्याचे, आंबवण्याच्या पेटीचे वर्णन करणारे वेष्टन या तीस टक्क्यांविषयी एक शब्दही उच्चारीत नाही. फार तर 'सेंद्रिय साखर' एवढे दोन शब्द असतात. काही उत्पादक साखरेऐवजी गूळ किंवा ताडगूळ घालतात. पण उसाचा गूळ असला तरी ऊस कोणीतरी तोडलेलाच असतो.

ही साखर कोठून येते हे मराठी वाचकाला समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. उत्तर प्रदेशाच्या खालोखाल, किंवा काही वर्षी त्याच्याही वर, महाराष्ट्राचे उत्पादन असते. दसरा झाला की बीड, अहिल्यानगर, जालना, परभणी या जिल्ह्यांतून बैलगाड्या आणि ट्रॅक्टर पश्चिमेकडे व कर्नाटकाकडे निघतात. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडण्यासाठी नवरा-बायकोची जोडी, जिला 'कोयता' याच शब्दाने मोजतात, पाच-सहा महिने पालात राहते. मुले बरोबर असतात. त्यांच्यासाठी निघालेल्या साखरशाळा आणि हंगामी वसतिगृहे यांचा अनुभव या पानाच्या वाचकांतील अनेक शिक्षकांना प्रत्यक्ष आहे. बीड जिल्ह्यातील ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ साली गाजला, तेव्हा राज्य शासनाने समिती नेमली. सुमारे ८२ हजार स्त्रियांच्या पाहणीत तेरा हजारांहून अधिक जणींची ही शस्त्रक्रिया झाल्याचे आढळले. पाळीच्या दिवसांत कामावर खाडा पडला की पैसे कापले जातात, हे त्यामागचे एक कारण स्त्रियांनी स्वतः सांगितले होते.

आता थोडे अंकगणित करू. सत्तर ग्रॅमच्या वडीत साखर २१ ग्रॅम. २०२४ च्या जानेवारीत झालेल्या करारानुसार ऊसतोडीचा दर टनाला २७३ वरून ३६६ रुपये झाला. एक टन उसातून, उतारा दहा टक्के धरला तर, शंभर किलो साखर निघते. म्हणजे एक किलो साखरेमागे तोडणीची मजुरी पडते तीन रुपये सहासष्ट पैसे आणि २१ ग्रॅम साखरेमागे पावणेआठ पैसे. तीनशे रुपयांच्या 'नैतिक' वडीत ऊस तोडणाऱ्या जोडप्याचा वाटा पुरता आठ पैसेही नाही. हीच मजुरी दुप्पट केली तर वडीची किंमत आठ पैशांनी वाढेल. तेवढ्यात दुकानदाराची कागदी पिशवीही येणार नाही.

कोकोचाही हिशेब याच रीतीने करून पाहण्यासारखा आहे. वडीतील ४९ ग्रॅम कोकोसाठी, टरफल आणि तूट धरून, सुमारे ६५ ग्रॅम कोरड्या बिया लागतात. भाव किलोला पाचशे रुपये धरला तर शेतकऱ्याचे होतात साडेबत्तीस रुपये, म्हणजे तीनशेच्या वडीत जवळजवळ अकरा टक्के. २०१५ च्या 'कोको बॅरोमीटर' या अहवालाने जागतिक सरासरी ६.६ टक्के काढली होती. तेव्हा आपल्या छोट्या उत्पादकांची कामगिरी वाईट नाही, चांगलीच म्हणावी लागेल. परंतु यातून एक गोष्ट निघते, जी जाहिरातीत कधी येत नाही. वडी महाग आहे ती शेतकऱ्यामुळे नव्हे. बियांचा भाव अडीचशे असता, तरी वडी फक्त सोळा रुपयांनी स्वस्त झाली असती. महागाई आहे ती थोडक्या मालाची, तीन-तीन दिवस फिरणाऱ्या रगड्याच्या विजेची, शहरातील दुकानाच्या भाड्याची आणि त्या देखण्या वेष्टनाची. या गोष्टींसाठी पैसे मोजण्यात गैर काही नाही. पण ते शेतकऱ्याच्या नावावर मोजून घेतले जाऊ नयेत.

यावर चॉकलेटकार असे म्हणतील की, साखर बाजारातून येते, ती कोणत्या कारखान्याची हे आम्हास कसे कळावे? इडुक्कीच्या डोंगरातील शेतकऱ्यापर्यंत पोहोचणाऱ्यांच्या तोंडी हे उत्तर शोभत नाही. साखरेच्या पोत्यावर कारखान्याचे नाव आणि गाळपाचा हंगाम छापलेला असतो. कोकोच्या पोत्यापेक्षा साखरेच्या पोत्याची वंशावळ शोधणे सोपे आहे. अडचण माहितीची नाही. कोको हा परका, दूरचा, गूढ पदार्थ असल्याने त्याच्या मजुराची दया येणे सोपे जाते. साखर ही घरची, रोजच्या चहातली, म्हणून तिच्या मजुराकडे पाहण्याची सवय उरलेली नाही. हा दोष चॉकलेटकारांचा एकट्याचा मुळीच नाही. सहकारी साखर कारखान्यांच्या अध्यक्षांचा, मंत्र्यांचा आणि पांढरपेशा ग्राहकाचाही तो आहे. ऊस उत्पादकाला निदान केंद्राने ठरविलेल्या रास्त दराचे कायदेशीर संरक्षण आहे. तोडणाऱ्याचा दर मात्र संघटना आणि साखर संघ यांच्यातील करारावर, म्हणजे त्या त्या वेळच्या संपाच्या जोरावर, ठरतो. गोपीनाथ मुंडे यांच्या नावाच्या कल्याण महामंडळासाठी कारखान्यांनी गाळपाच्या टनामागे दहा रुपये द्यावयाचे ठरले. वडीच्या मापाने तो आकडा एका पैशाच्या पाव हिश्श्याहूनही कमी भरतो. कॅडबरीला मिळालेला फार्दिंग पेनीचा नेमका चौथा हिस्सा होता.

या कामात मोठा वाटा उचलणे साखर कारखान्यांना अशक्य नाही. प्रवरानगरला १९५० मध्ये विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी उभा केलेला सहकार हा शेतकऱ्याच्या दुःखावरचा उपाय होता, आणि पुत्तूरचा कारखाना हे त्याच कल्पनेचे दक्षिणेतील भावंड आहे. एका बाजूला कोको उत्पादकांची संस्था, जिला साखर हवी. दुसऱ्या बाजूला साखर उत्पादकांच्या संस्था, ज्यांना गिऱ्हाईक हवे. एखाद्या कारखान्याने आपल्या तोडणी कामगारांची नोंदणी, ओळखपत्रे, पालांच्या जागी पाणी व शौचालये, मुलांची वसतिगृहे आणि खाड्याचे पैसे न कापण्याची लेखी हमी एवढे केले आणि त्या साखरेला किलोमागे चार-पाच रुपये जादा मागितले, तर सत्तर ग्रॅमच्या वडीवर त्याचा भार दहा पैशांच्या आसपास पडेल. तो पुत्तूरच्या साध्या वडीलाही सोसेल, ऑरोव्हिलच्या आणि मुंबईच्या वडीला तर कळणारही नाही. चॉकलेट उद्योगाची साखरेची गरज साऱ्या उत्पादनाच्या मानाने किरकोळ आहे, ही गोष्ट खरी. बिस्किटे, शीतपेये आणि मिठाईवाले यांच्यापुढे ती कोठेच नाही. परंतु नीतीचा शिक्का वेष्टनावर मारून त्याची किंमत वसूल करणारा उद्योग त्यांत हाच एक आहे, आणि म्हणूनच पहिले पाऊल त्याच्याकडून अपेक्षिता येते.

पुढील हंगामाचे गाळप सुरू होण्यापूर्वी मुकादमांच्या उचली वाटून होतील आणि त्यानंतर करारात काही बदल करणे कोणाच्याही हाती राहणार नाही. असा प्रस्ताव घेऊन पुत्तूरने कोल्हापूर-सांगलीच्या एखाद्या कारखान्याकडे, अथवा त्या कारखान्याने पुत्तूरकडे, जावयाचे असेल तर त्यासाठी पावसाळ्याचे चार महिने मोकळे असतात.